रेडमाइन आपल्या सर्व्हरवर

११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी नागपुरात दोन मोठ्या कामांचं लोकार्पण झालं. मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाला आणि समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पट्टा वाहतुकीला खुला झाला. समृद्धीचं ७०१ किलोमीटरचं काम १६ पॅकेजांत वाटून दिलेलं होतं. मेट्रोचं काम भरवस्तीतलं. वर्धा रोडवर तर खाली रस्ता, त्याच्या डोक्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रोचे रूळ अशी ३.१४ किलोमीटरची रचना उभी करायची होती. अशा कामात साइटवरच्या इंजिनिअरला रोज पडणारा प्रश्न साधाच असतो: हातातलं ड्रॉइंग शेवटचंच आहे ना? याचं उत्तर चुकलं की ओतलेलं काँक्रीट फोडावं लागतं.

नागपूर मेट्रो उभारणाऱ्या महामेट्रोनं या प्रश्नासाठी ‘फाइव्ह-डी बिम’ची (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) व्यवस्था उभी केली. बांधकामाच्या तीन मिती, चौथी वेळेची, पाचवी खर्चाची. वेळापत्रक प्रायमावेरात, हिशेब सॅपमध्ये, ड्रॉइंगं बेंटलेच्या प्रणालीत, आणि ही सगळी एकमेकांशी जोडलेली. कोणता खांब कधी उभा राहायचा, त्याचं ड्रॉइंग कोणतं, त्याच्या बिलाचं काय झालं, हे मुख्य ऑफिसपासून साइटपर्यंत सगळ्यांनी एकाच ठिकाणी पाहायचं, ही त्यामागची कल्पना.

धरमपेठेत किंवा सदरमध्ये पंधरा-वीस माणसांचं ऑफिस चालवणाऱ्या आर्किटेक्टला, स्ट्रक्चरल कन्सल्टंटला, छोट्या कंत्राटदाराला ही सॉफ्टवेअरं परवडणारी नाहीत, आणि त्यांना ती लागतही नाहीत. पण प्रश्न त्यांचाही तोच असतो. स्लॅबच्या सळ्यांचं ड्रॉइंग बदललं, नवं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकलं, त्यावर तासाभरात चाळीस मेसेज आले, आणि सेंट्रिंगवाल्याच्या हातात जुनाच प्रिंट राहिला. तिसरं आरए बिल कुठे अडलं हे विचारायला चार फोन. असल्या कामांची एकच नोंदवही असावी, ती ब्राउझरमधून कुठूनही उघडावी आणि तिचा ताबा आपल्याकडे असावा, एवढीच गरज असेल तर त्यासाठी फुकट आणि भक्कम सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. मी इथे रेडमाइनबद्दल लिहितो आहे, कारण छोट्या ऑफिसला पेलेल इतकं ते साधं आहे आणि वीस वर्षं जुनं आहे.

ज्यां-फिलिप लांग यांनी २००६ साली रेडमाइन पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. ते रुबी भाषेत, रेल्स या चौकटीवर लिहिलेलं आहे आणि जीपीएल परवान्याखाली मिळतं. म्हणजे वापरायला पैसे नाहीत, माणसांच्या संख्येवर मर्यादा नाही, कोड उघडून पाहता येतो, हवा तसा बदलता येतो. मुळात ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी तयार झालं. म्हणून बसवल्यावर त्यात कामाचे प्रकार ‘बग’, ‘फीचर’, ‘सपोर्ट’ असे दिसतात. ते बदलून ‘ड्रॉइंग’, ‘साइटची अडचण’, ‘बिल’ असे करायला पाच मिनिटं लागतात. प्रत्येक कामाला क्रमांक, एक जबाबदार माणूस, मुदत, स्थिती आणि खाली घडलेल्या गोष्टींचा इतिहास. कोणी केव्हा काय बदललं हे तिथे आपोआप नोंदलं जातं, आणि वादाच्या वेळी तीच नोंद कामी येते. मुदती नोंदल्या की गँट तक्ता तयार होतो. अमेरिकी अभियंता हेन्री गँट यांच्या नावाचे हे आडव्या पट्ट्यांचे तक्ते शंभर वर्षांपूर्वी कागदावर काढत. आता पट्टी कुठून कुठे जाते ते कामाच्या नोंदीवरूनच ठरतं.

बसवायचं कुठे, हा पहिला निर्णय. ऑफिसात एखादा कॉम्प्युटर पडून असतो, त्यावर लिनक्स टाकून सर्व्हर करावा असं मनात येतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि आपल्याकडची बरीच ऑफिसं अजून कूलरवर चालतात. कूलर माणसांना गारवा देतो, पण त्याचा झोत दमट असतो. सर्व्हर त्या झोतात ठेवू नये, बंद खोलीत तापतही ठेवू नये. त्यात मान्सूनच्या आधीच्या वादळात वीज जाते ती वेगळीच. यूपीएस हवा. शिवाय साध्या ब्रॉडबँडवर बऱ्याचदा आपल्या वाट्याला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता येतच नाही. अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे बसवलेले असतात, त्यामुळे बाहेरून आपल्या यंत्रापर्यंत पोचता येत नाही. त्यासाठी कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घ्यावा लागतो. सगळी माणसं एकाच इमारतीत बसून काम करणार असतील तर ऑफिसातलं यंत्र चालेल. साइटवरून फोनवर पाहायचं असेल तर मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये दोन जीबी मेमरीचा भाड्याचा सर्व्हर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एक जीबीवरही भागतं, पण बसवताना रुबीची काही पॅकेजं तिथल्या तिथे कंपाइल होतात आणि मेमरी संपली की लिनक्स ती प्रक्रिया मध्येच मारून टाकतं. पडद्यावर नुसतं ‘किल्ड’ एवढंच दिसतं आणि नवखा माणूस गोंधळतो. अशा वेळी डिस्कवर दोन जीबीची स्वॅप फाइल केली की काम होतं.

आता मुख्य गोष्ट. इंटरनेटवर आज्ञांच्या तयार याद्या मिळतात, त्या एकामागून एक चिकटवून रेडमाइन चालूही होतं. पण असं चालू केलेलं यंत्र सहा महिन्यांनी बंद पडलं की हात कुठे घालायचा ते कळत नाही. म्हणून बसवण्याआधी कोण कोणाशी बोलतं हे डोळ्यांसमोर असावं. साइट इंजिनिअर फोनवर पत्ता टाकतो. ती मागणी सर्व्हरच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर येते, तिथे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर उभा असतो. तो मागणी आत ३००० पोर्टवर प्यूमा नावाच्या सर्व्हरकडे देतो. प्यूमा रेडमाइनचा रुबी कोड चालवतो. रेडमाइनला माहिती हवी असते ती पोस्टग्रेस डेटाबेसमधून, ५४३२ पोर्टवरून. आणि जोडलेली ड्रॉइंगं डेटाबेसमध्ये नसतात. ती डिस्कवर ‘फाइल्स’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. या पाचांपैकी बाहेरच्या जगाला फक्त एनजिनएक्स दिसायला हवा. बाकीच्यांनी यंत्राच्या आतच एकमेकांशी बोलावं.

एवढं समजलं की बिघाडाचे आकडे वाचता येतात. पडद्यावर ५०२ आलं तर एनजिनएक्स जिवंत आहे, मागचा प्यूमा पडला आहे. ५०० आलं तर रेडमाइन चालू आहे पण आत काहीतरी अडलं, आणि ते ‘लॉग’ फोल्डरमधल्या ‘प्रॉडक्शन’ नोंदीच्या शेवटच्या ओळींत लिहिलेलं सापडतं. काहीच न येता पान नुसतं फिरत राहिलं तर फायरवॉल तपासायची. मी हे मुद्दाम आधी सांगतो आहे, कारण बसवताना पहिल्या तासात हे तिन्ही प्रकार दिसायची शक्यता असते, आणि ते दिसले म्हणजे सगळं बिघडलं असं होत नाही.

उबुंटूची २४.०४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी. तिला पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात. आवृत्तीचा आग्रह उगाच नाही. रेडमाइन ६.० ला किमान रुबी ३.१ लागते. उबुंटू २२.०४ मध्ये रुबी ३.० येते, तिच्यावर ते चालत नाही, २४.०४ मध्ये ३.२ येते, तिच्यावर चालतं. असं एका आकड्याच्या फरकावर माणसं अख्खा दिवस घालवतात. म्हणून आधी रेडमाइनच्या पानावर कोणत्या आवृत्तीला कोणती रुबी चालते तो तक्ता बघायचा आणि मगच लिनक्स निवडायचं.

सर्व्हर हातात आल्यावर पासवर्डऐवजी एसएसएचच्या चावीनं आत जायची सोय करावी. फायरवॉल सुरू करण्याआधी एसएसएचला परवानगी द्यावी. उलट क्रमानं केलं तर आपणच बाहेर अडकतो आणि सर्व्हर दूर मुंबईत असतो. मग ८० आणि ४४३ उघडायचे. ५४३२ आणि ३००० कधीच उघडायचे नाहीत. रेडमाइनसाठी एक वेगळा, साधा वापरकर्ता तयार करावा आणि त्याच्याच नावानं ते चालवावं. रूटच्या नावानं चालवलं तर रेडमाइनमध्ये उद्या एखादं भगदाड सापडल्यावर घुसणाऱ्याला अख्खा सर्व्हर मिळतो. वेगळा वापरकर्ता असला तर त्याची धाव त्या खात्यापुरतीच राहते.

डेटाबेसपाशी मराठी माणसानं जरा थांबावं. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘नागपूर’ या शब्दात न, काना, ग, प, दीर्घ उकार आणि र अशी सहा चिन्हं आहेत, म्हणजे १८ बाइट. डेटाबेस तयार करतानाच तो यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये सर्व्हरची भाषा ‘सी’ अशी नुसती ठेवलेली असेल तर नवा डेटाबेस यूटीएफ-८ मध्ये करायला तो नकार देतो. तेव्हा ‘टेम्प्लेट शून्य’ हा कोरा साचा घेऊन करायचा. मायएसक्यूएल वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे. तिथे ‘यूटीएफ८’ या नावाची जुनी व्यवस्था अक्षराला जास्तीत जास्त तीनच बाइट देते. देवनागरी त्यात नेमकी मावते, म्हणून चाचणीत सगळं ठीक दिसतं. मग एक दिवस साइटवरून कोणीतरी फोनवरून शेरा लिहितो, शेवटी अंगठ्याचं चित्र टाकतो, आणि पान ५०० देऊन बसतं. कारण इमोजीला चार बाइट लागतात. तिथे ‘यूटीएफ८एमबी४’ हीच निवड करायची. आज्ञा लिहिणाऱ्या परदेशी माणसाला यातलं काही टोचत नाही. त्याच्या नोंदी एका बाइटात भागतात. आपल्या नोंदी मराठीत राहाव्यात असं वाटत असेल तर ही काळजी आपणच घ्यायची आहे, आणि ती पहिल्या दिवशी घेतली तर दोन ओळींत होते. वर्षभराच्या नोंदींमध्ये प्रश्नचिन्हं उमटल्यावर ती परत अक्षरं होत नाहीत.

पुढे रेडमाइनची संकुचित फाइल उतरवायची, सोबत दिलेल्या शा-२५६ आकड्याशी ती जुळते का बघायची आणि ‘ऑप्ट’ फोल्डरमध्ये उघडायची. इथे एक क्रम पाळावा लागतो. आधी ‘कॉन्फिग’मधली डेटाबेसची फाइल भरायची: कोणता डेटाबेस, कोणता वापरकर्ता, पासवर्ड काय. मगच ‘बंडल इन्स्टॉल’ चालवायचं. हे उलट का करू नये याला कारण आहे. रेडमाइनची पॅकेजांची यादी ती डेटाबेसची फाइल वाचून ठरवते की पोस्टग्रेसचा जोडसांधा आणायचा की मायएसक्यूएलचा. फाइल नसेल तर दोन्हीपैकी काहीच येत नाही आणि पुढच्या पायरीवर न समजणारी चूक दिसते. पोस्टग्रेसचा जोडसांधा कंपाइल होतो, म्हणून कंपायलर आणि ‘लिबपीक्यू’ची डेव्हलपमेंट पॅकेजं आधीच उबुंटूच्या एपीटी या आज्ञेनं घेऊन ठेवायची. प्यूमा हवा असेल तर त्याचं नाव मुख्य यादीत घुसवू नये. त्यासाठी ‘जेमफाइल डॉट लोकल’ नावाची वेगळी फाइल असते. मुख्य यादीत केलेला बदल पुढच्या आवृत्तीला पुसला जातो.

त्यानंतरच्या तीन आज्ञा झपाट्यानं होतात. एक गुप्त किल्ली तयार करते, जिनं लॉगिनच्या कुकीवर सही होते. दुसरी डेटाबेसमध्ये तक्ते उभारते. तिसरी भूमिका, कामाचे प्रकार, स्थिती यांची सुरुवातीची माहिती भरते. मग ‘फाइल्स’, ‘लॉग’, ‘टीएमपी’ या फोल्डरांवर रेडमाइनच्या वापरकर्त्याला लिहायचा हक्क द्यायचा, नाहीतर पान उघडतं पण ड्रॉइंग चढत नाही.

प्यूमा हातानं सुरू करून चालतो हे पाहिलं की त्याला लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या ताब्यात द्यावं. सिस्टिमडीत ‘स्टार्ट’ आणि ‘एनेबल’ अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत. ‘स्टार्ट’ आत्ता सुरू करते. ‘एनेबल’ सांगते की यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर आपणहून उठ. दुसरी विसरली तरी दिवस सुरळीत जातात. जूनच्या पहिल्या वादळात वीज जाते, यंत्र परत सुरू होतं, आणि सोमवारी सकाळी सगळ्यांना ५०२ दिसतं. म्हणून सगळं बसवून झालं की सर्व्हर एकदा मुद्दाम रीबूट करायचा आणि कोणत्याही गोष्टीला हात न लावता पान उघडतं का ते पाहायचं. ही चाचणी मी सर्वांत महत्त्वाची मानतो.

एनजिनएक्समध्ये दोन ओळी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, मागणी आत पाठवताना ती मुळात सुरक्षित मार्गानं आली होती हे मागच्या सर्व्हरला सांगणारी. दुसरी फाइलच्या आकाराची. एनजिनएक्स आपणहून एक एमबीपेक्षा मोठी मागणी आत सोडत नाही. मोठं ड्रॉइंग टाकलं की ४१३ देतो. ती मर्यादा पन्नास एमबी केली तरी ड्रॉइंग चढतंच असं नाही, कारण रेडमाइनची स्वतःची मर्यादाही आहे, ५१२० केबी, म्हणजे पाच एमबी. ती प्रशासनाच्या सेटिंगमध्ये वेगळी वाढवावी लागते. दोन दारं आहेत आणि दोन्ही रुंद करायची आहेत. कॅडची ड्रॉइंगं आणि साइटचे फोटो ठेवणाऱ्या ऑफिसला हे पहिल्याच दिवशी लागतं.

सुरक्षित पत्त्यासाठी लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. त्यासाठी आपल्या नावाचं डोमेन हवं आणि त्याची नोंद या सर्व्हरकडे वळवलेली हवी. सर्टबॉट ८० पोर्टवरून पडताळणी करून प्रमाणपत्र आणतो. ते ९० दिवसांचं असतं आणि सर्टबॉटच ते वेळेआधी नवं करतो. ‘आता ४४३ वर सगळं चालतं’ म्हणून कोणी नंतर ८० बंद केलं तर ते नूतनीकरण अडतं आणि काही आठवड्यांनी सगळ्यांच्या फोनवर धोक्याचा लाल पडदा येतो.

आता पहिलं लॉगिन. नाव ‘अ‍ॅडमिन’, पासवर्डही ‘अ‍ॅडमिन’. जगात सगळ्यांना ठाऊक असलेला. तो तत्काळ बदलावा. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली आणि जास्त धोक्याची गोष्ट अशी की रेडमाइनमध्ये नवा प्रकल्प आपणहून सार्वजनिक असतो, आणि पान पाहायला लॉगिन लागतंच असं नाही. जगातल्या मोकळ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी ते योग्यच होतं. पण एखाद्या कुटुंबाच्या घराचे नकाशे, त्यांचे फोन, कंत्राटदाराचे दर हे कोणालाही शोधून वाचता यावेत असं आपल्याला नको आहे. प्रशासनात ‘लॉगिन आवश्यक’ चालू करायचं, ‘नवे प्रकल्प सार्वजनिक’ बंद करायचं, आणि बाहेरच्यांना आपणहून खातं उघडता येणार नाही असं करायचं. या तीन खुणा केल्याशिवाय पत्ता कोणालाही देऊ नये. ज्यांनी विश्वासानं आपल्याकडे काम दिलं त्यांची माहिती राखणं हा या सगळ्या खटाटोपाचा भागच आहे.

ईमेल हा मात्र कंटाळवाणा भाग. भाड्याच्या सर्व्हरवर २५ पोर्ट बहुधा बंद असतो, म्हणून आपल्या ईमेल सेवेचं ५८७ पोर्टवरचं खातं ‘कॉन्फिगरेशन’च्या फाइलमध्ये भरायचं. पहिला ईमेल गेला की त्यातला दुवा दाबून पाहायचा. तो ‘लोकलहोस्ट ३०००’ कडे जात असेल तर सेटिंगमध्ये यजमानाचं नाव अजून मूळचंच आहे. तिथे आपलं डोमेन आणि ‘एचटीटीपीएस’ भरायचं.

देवनागरीचा एक पैलू गँट तक्त्यातही येतो. ब्राउझरमध्ये मराठी नीट दिसते, कारण अक्षरं पाहणाऱ्याच्या फोनमधल्या फॉन्टनं काढली जातात. गँट तक्त्याचं चित्र मात्र सर्व्हरवर तयार होतं, आणि कोऱ्या उबुंटू सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट असेलच असं नाही. रेड हॅटनं मोकळा केलेला लोहित देवनागरी एपीटीनं घेता येतो. मग ‘कॉन्फिगरेशन’च्या फाइलमध्ये त्याचा मार्ग लिहायचा. चित्र आणि पीडीएफ दोन्ही काढून ‘स्ट्रक्चर’, ‘प्लास्टर’, ‘दुरुस्ती’ असे शब्द टाकून जोडाक्षरं कशी येतात हे ग्राहकाला पाठवण्याआधी पाहून घ्यावं.

एवढे कष्ट नकोत म्हणणाऱ्याला डॉकरचा रस्ता आहे. रेडमाइनची तयार प्रतिमा मिळते आणि दहा मिनिटांत पान उघडतं. पण डेटाबेस आणि ‘फाइल्स’ फोल्डर डब्याबाहेरच्या जागेला जोडलेले नसतील तर डबा काढून नवा टाकल्याबरोबर सगळी ड्रॉइंगं जातात. ज्याला हे वाक्य समजतं त्यानं डॉकर खुशाल वापरावं. दुसरा पर्याय ओपनप्रोजेक्ट. २०११ साली रेडमाइनमधून चिलीप्रोजेक्ट फुटलं आणि त्यातून ते पुढे आलं. दिसायला ते जास्त नेटकं आहे, उबुंटूसाठी तयार पॅकेज देतं, आणि मेमरी बरीच जास्त मागतं.

बॅकअपविषयी दोन गोष्टी ठामपणे. तो डेटाबेसचा आणि ‘फाइल्स’ फोल्डरचा असा दोन्हींचा हवा. नुसत्या डेटाबेसमध्ये ड्रॉइंगचं नाव सापडेल, ड्रॉइंग नाही. सोबत ‘कॉन्फिग’ फोल्डरही घ्यावा, लहानच असतो. आणि तो त्याच सर्व्हरवर पडून राहू नये. रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी जावा. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये वेळ लिहिताना सर्व्हरचं घड्याळ पाहावं. भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर चालतात, तिथे पहाटे दोन म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात. घड्याळ ‘एशिया कोलकाता’वर आणलं की हा घोळ राहत नाही. दर तीन महिन्यांनी तो बॅकअप एखाद्या वेगळ्या यंत्रावर उघडून, त्यातलं एक जुनं ड्रॉइंग उघडून पाहावं. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

माणसांच्या बाजूनं सांगायचं तर एका चालू साइटपासून सुरुवात करावी. दहा जुन्या प्रकल्पांची माहिती आधी भरत बसू नये, त्यात उत्साह संपतो. भूमिका तीन पुरतात: ऑफिसातला इंजिनिअर, साइटवरचा माणूस, ग्राहक. कोणती भूमिका काम कोणत्या स्थितीतून कोणत्या स्थितीत नेऊ शकते हे रेडमाइनच्या कार्यप्रवाहात ठरवता येतं. ‘ड्रॉइंग मंजूर’ ही खूण फक्त कन्सल्टंटला करता येईल, आणि ‘साइटवर प्रिंट पोचला’ ही खूण फक्त साइटवरच्या माणसाला. या दोन खुणा वेगवेगळ्या माणसांच्या हातात दिल्या की सेंट्रिंगवाल्याकडे जुना प्रिंट राहण्याचा रस्ता जवळजवळ बंद होतो. व्हॉट्सअ‍ॅप बंद करायची गरज नाही. तिथे बोलावं, पण ठरलेलं काम रेडमाइनच्या क्रमांकानं नोंदावं आणि ग्रुपवर तो क्रमांक टाकावा. परसोडीच्या आयटी पार्कमध्ये किंवा मिहानमध्ये नोकरी करणारा एखादा भाचा-पुतण्या सर्व्हर उभा करून देऊ शकतो, पण त्याचं रोजचं बघणं ऑफिसातल्याच एका माणसाकडे नावानिशी हवं, आणि त्याला कामाच्या वेळेत तेवढा वेळ दिलेला हवा. पासवर्ड आणि चाव्या कुठे ठेवल्या आहेत हे दुसऱ्या एकालाही माहीत असावं.

लिनक्सचे सुरक्षा अपडेट आपोआप होतील अशी व्यवस्था उबुंटूत आहे, ती चालू ठेवावी. फाइल उतरवून बसवलेलं रेडमाइन मात्र त्यात येत नाही. त्याची नवी आवृत्ती आली की आधी बॅकअप, मग नवी आवृत्ती जुन्याच्या शेजारी वेगळ्या फोल्डरमध्ये उघडायची, ‘फाइल्स’ आणि ‘कॉन्फिग’मधल्या आपल्या फाइली तिच्यात आणायच्या, पॅकेजं घ्यायची, डेटाबेसचे बदल चालवायचे आणि प्यूमाला नव्या फोल्डरकडे वळवायचं. हे शनिवारी संध्याकाळी साइट सुटल्यावर करावं. जुना फोल्डर आणि त्या दिवशीचा बॅकअप महिनाभर तसेच राहू द्यावेत.